पूर्ण पैसे दिल्याचा गुन्हा

साहेब, या सगळ्याला तुम्ही जबाबदार आहात. मागे वळून बघू नका, मागे कुणी नाही. तुमच्याशीच बोलणं चाललंय.

पाणीखात्याच्या सभागृहात, पंख्याच्या बरोबर खाली ठेवलेल्या गादीच्या खुर्चीवरून उठून तुम्ही म्हणालात, "कर्ज पैशाच्या कमतरतेनं होत नाही, शिस्तीच्या कमतरतेनं होतं." वाक्य झकास होतं. पुढच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या, कारण पुढच्या दोन रांगांचा पगार वेळेवर होतो. मागच्या रांगांनीही वाजवल्या, कारण पुढच्यांनी वाजवल्या. आणि अगदी शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड, एक माणूस टाळ्या वाजवायचं विसरून तुमच्याकडे बघत बसला होता. घात तिथे झाला. बाकीच्यांनी तुमचं भाषण नुसतं ऐकलं साहेब, त्याला ते पटलं.

सगळ्यात लहान कर्ज आधी फेडा, पुरतं फेडा, मुळासकट फेडा, असं तुम्ही सांगितलंत. घरातली अडगळ विका म्हणालात. ताठ मानेनं चाला म्हणालात. हे चाललं होतं तेव्हा तुमच्याच कचेरीनं मागच्या कराराच्या पगारवाढीचा फरक दाबून ठेवला होता, आणि मागच्या रांगेतल्या निम्म्या लोकांची कर्जं त्या फरकात फिटून वर चहाला पैसे उरले असते. हे तुम्हाला कुणी बोललं नाही. बोलणार कधी? प्रश्न विचारायची वेळ झाली आणि बिस्किटं आली.

खांबाआडच्या त्या माणसाला गल्ली मीटरभाऊ म्हणायची. हातात लोखंडी हूक घेऊन दारोदार जायचं, जमिनीतलं झाकण उचलायचं, आतल्या झुरळांना बाजूला व्हायची विनंती करायची, काच पुसायची आणि किती पाणी गेलं ते लिहून आणायचं, हे त्याचं काम. लोक त्याला मीटर पळतो म्हणून शिव्या देत, जणू हाच येऊन तो पळवत होता. करार अकरा महिन्यांचा. तो संपला की एक दिवस घरी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी नवा करार. असा तो कित्येक वर्षं कायमचा तात्पुरता होता.

घरी बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि वडील. वडिलांना सगळे नाना म्हणत. नानांना रक्तदाबाची गोळी रोज लागायची आणि आपण आजारी आहोत हे मान्य नसायचं. गोळीला ते 'ती पांढरी' म्हणायचे.

कर्जं म्हणाल तर जहाज बुडवणारी नव्हती. किराणा दुकानदार, औषधवाला, दूधवाला, शिंपी. झालंच तर मेव्हणा. मेव्हण्याचं देणं मीटरभाऊ कर्जात धरत नसे, कारण त्याचं व्याज मेव्हण्याची बायको टोमण्यांतून वेळच्या वेळी वसूल करत होती. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घरात जे शिजायचं ते या लोकांच्या भरवशावर शिजायचं. नानांची पांढरीसुद्धा.

आता त्या गल्लीची एक रीत तुम्हाला सांगायला हवी साहेब, कारण तुमच्या पडद्यावरच्या रंगीत चित्रांत ती नव्हती. त्या गल्लीत कुणी कुणाचे पैसे बुडवत नाही आणि पुरते देतही नाही. पगार झाला की माणूस दुकानात जातो, मोठी रक्कम चुकती करतो आणि थोडंसं मागे ठेवतो. याला तिथे शेपूट ठेवणं म्हणतात. शेपूट म्हणजे 'पुन्हा येतो' असा शब्द. दुकानदारही ते मागत नाही. शेपूट आहे तोवर माणूस आपला, त्याला चार दिवस सांभाळून घ्यायचं. शेपूट कापतात ते एक तर खोली सोडून चाललेले लोक, नाही तर भांडलेले, नाही तर ज्यांना डॉक्टरनं काहीतरी सांगितलंय असे.

मीटरभाऊला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तो त्या गल्लीतच वाढला होता. पण तुमच्या भाषणाची वाफ डोक्यात होती. महिनाभर बस सोडून पायी चालला, कोपऱ्यावरचा चहा तोडला, आणि पगार झाल्यावर सगळ्यात लहान कर्ज म्हणून शिंप्याच्या टेबलावर नोटा ठेवल्या.

"हे घ्या. सगळे."

शिंप्यानं नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग चष्मा कपाळावर चढवला.

"भाऊ, हे जास्त झाले."

"जास्त नाहीत. पुरते आहेत."

"तेच म्हणतोय मी. शेपूट कुठंय?"

"शेपूट नाही. आता आपण मोकळे."

शिंप्याच्या पायाखालचं मशीन थांबलं. "मोकळे? निघालात कुठे?"

"कुठे नाही हो."

"मग माझं काही चुकलं का? सदरा काखेत उसवला? मी तेव्हाच म्हटलं होतं, त्या कापडात जीव नाही. आणा इकडे, दुहेरी शिलाई मारून देतो. पैशाचं नाव काढू नका."

"काही उसवलेलं नाही. शिस्त म्हणून देतोय."

"शिस्त?" शिंप्याचा आवाज एकदम हळू झाला. त्यानं मीटरभाऊचा हात धरला. "भाऊ, डॉक्टर नक्की काय म्हणाले?"

मीटरभाऊनं हात सोडवून घेतला आणि तुमच्या सांगण्याप्रमाणे ताठ मानेनं बाहेर पडला. शिंप्याचं शटर नेहमी अर्धं ओढलेलं असतं. इतकी वर्षं तो तिथून वाकून जात आला होता. त्या दिवशी मान ताठ होती. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं.

झालं! संध्याकाळपर्यंत गल्लीत तीन बातम्या फिरल्या. एक, मीटरभाऊ खोली सोडून चाललाय. दोन, मीटरभाऊ आणि शिंप्याची हाणामारी झाली, कपाळ बघा. तीन, मीटरभाऊच्या डोक्यात गाठ निघाली, कपाळ बघा. एकाच टेंगळात दोन बातम्यांचा पुरावा मिळाल्यामुळे लोकांची मोठी सोय झाली.

बायको तेल आणायला गेली ती रिकामी बाटली घेऊन परत आली.

"अहो, दुकानदार म्हणतो वहिनी, आता रोखीनं. मी म्हटलं का हो? तर म्हणतो, शिंप्याला सगळे मिळाले, आमच्या नशिबी काय आहे ते तरी कळू द्या."

"त्याचंही फेडणार आहे ना. क्रमानं. आधी लहान, मग मोठं."

"म्हणजे शिंप्याला पैसे आणि दुकानदाराला क्रम?"

"अगं, शास्त्र आहे ते."

"मग शास्त्रात तळा आता," असं म्हणून तिनं बाटली त्याच्यासमोर आपटली. "हौस भारी! एवढी वर्षं देणं होतं तर घरात तेल होतं. देणं फिटलं आणि तेल गेलं!"

या टप्प्यावर शहाण्या माणसानं शिंप्याकडे जाऊन एक गळपट्टी बदलून घेतली असती, दोन नाणी मागे ठेवली असती, आणि प्रकरण मिटलं असतं. पण मीटरभाऊचा स्वाभिमान आता कपाळावर ठसठसत होता. दुकानदाराचं देणं एकरकमी फेडून त्याचं तोंड बंद करायचं असं त्यानं ठरवलं. पैसे नव्हते. तेव्हा तुमचं दुसरं सूत्र आठवलं साहेब: अडगळ विका.

घरात विकण्याजोगी अडगळ एकच होती, लोखंडी कपाट. नानांच्या लग्नातलं. त्याचं एक दार उघडत नसे आणि दुसरं मिटत नसे. भंगारवाल्यानं बरा भाव सांगितला. हातगाडी खाली उभी राहिली, दोन हमाल वर आले, आणि कपाट दारातून जिन्यापर्यंत गेलं. जिन्याच्या वळणावर ते अडकलं. ज्या काळी ते वर आलं त्या काळी जिन्याला कठडा नव्हता. नानांनी हे आधीच सांगितलं असतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. न विचारता सांगायचं त्यांनी मुलाच्या लग्नापासून सोडून दिलं होतं.

कपाट ना वर ना खाली. वरच्या मजल्यावरचे लोक वर, खालचे खाली. दूधवाला कपाटाच्या एका बाजूनं दूध वर देत होता आणि दुसऱ्या बाजूनं विचारत होता, "भाऊ, सामान हललं म्हणायचं मग?"

"सामान नाही, फक्त कपाट!"

"सुरुवात कपाटानंच होते," दूधवाला म्हणाला. "जड आधी काढतात."

खाली हातगाडीभोवती गल्ली जमली. किराणा दुकानदार गल्ला उघडा टाकून पळत आला आणि हातगाडीवर चढून बसला. "माझा हिशेब झाल्याशिवाय ही गाडी हलणार नाही!"

"अहो, तुमच्याच हिशेबासाठी विकतोय!" मीटरभाऊ कपाटाच्या वरून ओरडला.

"असंच म्हणतात सगळे," दुकानदार खालून म्हणाला. "मागे त्या वरच्या खोलीतले भाडेकरू म्हणाले, औषधं आणायला चाललोय. पंखासुद्धा घेऊन गेले औषधाला!"

हमालांनी मजुरी मागितली. अडकलेलं कपाट सोडवायला लोहाराला बोलवावं लागलं, त्यानं कठडा कापला, घरमालकानं कठड्याची भरपाई मागितली, भंगारवाल्यानं पोचे पडलेल्या कपाटाचा भाव कमी केला. सगळं वजा जाता मीटरभाऊच्या हातात कपाटाचं कुलूप उरलं. किल्ली कपाटाबरोबर गेली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणतात. इथे धुपाटणंही लोहारानं नेलं.

इथवर हसायला हरकत नाही. पण त्याच संध्याकाळी मुलगी औषधाच्या दुकानातून रिकाम्या हाती आली. औषधवाला तिच्याशी फार प्रेमानं बोलला होता. म्हणाला, "बेटा, बाबांना सांग, मला पण घाऊक व्यापाऱ्याला पैसे द्यावे लागतात. तुम्ही गेल्यावर मी कुणाला धरू?" ती म्हणाली, "काका, आम्ही कुठेही जात नाही आहोत." त्यानं मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

चार-पाच दिवसांनी बायकोला त्यांच्या उशीखाली सुरीनं अर्ध्या केलेल्या गोळ्या सापडल्या.

"नाना, हे काय?"

"पांढरी जरा जास्त होत होती मला," नाना म्हणाले. "अर्धीनं भागतंय. डोकं गरगरतं, पण ते वयानं."

मीटरभाऊनं ते ऐकलं आणि पहिल्यांदाच त्याची मान खाली गेली. फेडायचं आहे ते फेडलं जाईल, न जाईल, पण औषधवाल्याची उधारी सुरू झालीच पाहिजे, आणि त्यासाठी आपण कुठेही जात नाही हे गल्लीला पटलंच पाहिजे. आता एवढाच प्रश्न उरला होता.

त्यानं सगळ्या घेणेकऱ्यांना घरी बोलावलं. दुकानदार, औषधवाला, दूधवाला आले. शिंप्याचं काही येणं नव्हतं, तरी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला आणि पाणावल्या डोळ्यांनी मीटरभाऊच्या टेंगळाकडे बघत राहिला. शेजारचे पोस्टमास्तर आजोबा अध्यक्ष झाले. त्यांना कुणी केलं नव्हतं, पण ते निवृत्त होते आणि खुर्चीवर बसले होते. चहा करायचा तर साखर नव्हती. ती दुकानदाराच्याच दुकानातून दुकानदाराच्याच हमीवर आणली गेली, आणि दुकानदारानं चहा पिता पिता म्हटलं, "ही वेगळी धरा हं वहिनी. ही मागच्यात नाही मिसळायची."

"मी इथेच जन्मलो," मीटरभाऊ म्हणाला. "जाईन कुठे?"

"इथे जन्मलेलेच जातात," दूधवाला म्हणाला. "बाहेरून आलेले कशाला जातील? ते तर आत्ताच आलेत."

"मी शपथ घेतो."

"शपथेवर गोळ्या देता येत नाहीत भाऊ," औषधवाला म्हणाला. त्याचा आवाज कडक नव्हता, म्हणूनच जास्त लागला.

पोस्टमास्तर आजोबांनी घसा साफ केला. जगात कागदानं न सुटणारा प्रश्न नाही असं त्यांचं मत होतं. "कचेरीतून दाखला आण. हा इसम आमच्याकडे नोकरीत असून कुठेही जात नाही. सही, शिक्का, तारीख. शिक्का गोल पाहिजे, चौकोनी नको. चौकोनी शिक्क्याला कुणी भीत नाही."

सगळ्यांना पटलं. दाखला येताच उधारी सुरू, असं औषधवाल्यानंही कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी मीटरभाऊ तुमच्या कचेरीत आला साहेब. तुम्ही नव्हतात. तुम्ही दुसऱ्या खात्यात शिस्तीवर बोलायला गेला होतात. आस्थापनेच्या टेबलावरच्या बाई होत्या. बाई वाईट नव्हत्या, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, फक्त खुर्ची नव्हती.

"कुठेही जात नाही असा दाखला?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कशाखाली देऊ? बदली, बढती, निवृत्ती, सोडून जाणं, मृत्यू. यातलं काय झालंय तुमचं?"

"यातलं काहीच नाही. मी राहतोय."

"राहणं यात नाही. राहण्यासाठी कुणी अर्ज करत नाही ना. काही झालं की अर्ज येतो."

"पण मला राहायचाच दाखला हवाय, बाई."

"अहो, कळतंय मला. पण संगणकात यातलं एक तरी निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मृत्यू घालू का?"

"नको, नको."

"तेच म्हटलं. मग सोडून जाणं त्यातल्या त्यात बरं. खाली शेऱ्यात स्पष्ट लिहिते, हा इसम सोडून जात नाही. वाचणाऱ्याला कळेल."

मीटरभाऊ घुटमळला. "आणि पुढेही जाणार नाही, असं लिहाल?"

"तुमचा करार अकरा महिन्यांचा. पुढचं मी कसं लिहू? पुढचं साहेबांनासुद्धा माहीत नसतं."

दाखला यायला वेळ लागतो, वरून सही व्हावी लागते, असं बाईंनी सांगितलं. मीटरभाऊ हलक्या मनानं घरी आला. गल्लीला सांगितलं, दाखला निघालाय. औषधवाल्यानं त्या एका शब्दावर चार गोळ्या दिल्या. साहेब, ही चार गोळ्यांची माणुसकी लक्षात ठेवा, पुढे तुमच्या बाजूला दाखवायला काही सापडणार नाही.

पगाराचा दिवस आला. पगार आला नाही. मीटरभाऊ धावत बाईंच्या टेबलाशी.

"तुम्ही सोडून गेलात ना?" बाई म्हणाल्या.

"बाई, मी तुमच्यासमोर उभा आहे!"

"ते दिसतंय हो. पण वर फक्त वरचा रकाना जातो. शेरा खालीच राहतो. वरून तुमचं सोडून जाणं मंजूर झालं." त्यांनी कागद पुढे केला. सही होती, तारीख होती. शिक्का गोल होता.

"मग मला परत घ्या!"

"गेलेल्या माणसाला परत घ्यायचं तर आधी तो नीट गेलेला पाहिजे. तुमचा शेवटचा पगार अडकलाय, तो मोकळा झाला की तुम्ही पुरते गेलात. मग नवा अर्ज करा."

"मग मोकळा करा तो!"

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी ड्रॉवरमधून एक नवं परिपत्रक काढलं. साहेब, हे तुमचं. कर्जमुक्त कर्मचारी अभियान. सभागृहातल्या भाषणानंतर आठवड्याच्या आत काढलेलं. सोडून जाणाऱ्या प्रत्येक तात्पुरत्या कर्मचाऱ्यानं, आपलं कुणाचंही खाजगी देणं नाही, असं सगळ्या घेणेकऱ्यांच्या सह्यांनिशी दाखवल्याशिवाय शेवटचा पगार देऊ नये. कर्मचाऱ्यांच्या भल्यासाठी.

"म्हणजे देणं फिटल्याशिवाय पगार नाही?" मीटरभाऊनं विचारलं.

"हो."

"आणि पगार झाल्याशिवाय देणं कसं फिटेल?"

बाईंनी परिपत्रक उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. "यात नाही दिलेलं," त्या म्हणाल्या.

घरी त्यानं कुणाला काही सांगायच्या आत त्याचा चेहरा सांगून गेला. बायकोनं दोन प्रश्न विचारले, कागद वाचला आणि पदर खोचला. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती तडक खाली गेली, किराणा दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐका हो! आमचे हे कुठे चालले नव्हते. आता चाललेत! तुमच्या कृपेनं! शेपूट नाही म्हणून बोंब मारलीत ना, आता डोकंही नाही!"

औषधवाला आपल्या दुकानाची पायरी उतरला. मग सगळ्यांच्या आधी तोच बोलला. "कचेरी किती वाजता उघडते?"

तुमच्या कचेरीनं तसला मोर्चा पूर्वी पाहिला नसेल साहेब. पुढे पोस्टमास्तर आजोबा, मागे दुकानदार, औषधवाला, दूधवाला, शिंपी, आणि सगळ्यात मागे नाना. नानांना कुणी बोलावलं नव्हतं. ते अर्धी गोळी घेऊन जिने चढत आले होते.

"तुम्ही कोण?" शिपायानं विचारलं.

"आम्ही यांचे घेणेकरी," दुकानदार म्हणाला, "आणि यांना नोकरीत ठेवा म्हणून आलोय."

शिपाई बाजूला झाला. अशा लोकांना अडवायचा नियम त्याला शिकवलेला नव्हता.

बाईंनी समजावून सांगितलं. काही येणं नाही अशा सह्या केल्यात, तर याचा पगार सुटतो आणि हा पुरता जातो. सह्या नाही केल्यात, तर पगार अडतो आणि हा अर्धवट जातो.

"म्हणजे सही केली तर आमचे पैसे बुडाले," दूधवाला म्हणाला.

"हो."

"आणि नाही केली तरी मिळत नाहीत."

"हो."

"मग आम्ही काय करायचं?"

"साहेबांना विचारा," बाई म्हणाल्या. "साहेब व्याख्यानाला गेलेत."

तेव्हा दुकानदार, जो हातगाडीवर चढून बसला होता तोच, टेबलावर हात आपटून म्हणाला, "अहो बाई, आम्ही धंद्यातली माणसं. एक रुपयासुद्धा आम्ही हातचा सोडत नाही. पण माणसाला आधी कामावरून काढायचं आणि मग देणं फेड म्हणायचं, हा धंदा आमच्या बापजाद्यांनी नाही केला!"

शिंपी म्हणाला, "माझी सही घ्या. माझं काही येणं नाही," आणि तिथेच रडायला लागला. त्याला अजून वाटत होतं की मीटरभाऊच्या डोक्यात गाठ आहे.

बाकी कुणी सही केली नाही. परत येताना नाना जिन्यात बसले. छाती धरली नाही, नुसते बसले, आणि म्हणाले, "जरा गरगरलं." औषधवाल्यानं त्यांचा दंड धरला, जिभेखाली काय ठेवायचं ते ठेवलं, दूधवाल्यानं त्यांना पाठीवर घेतलं. त्या संध्याकाळी महिन्याच्या गोळ्यांचं पूर्ण पाकीट घरी आलं. मीटरभाऊ पैशाचं काही बोलायला लागला, तेव्हा औषधवाला म्हणाला, "भाऊ, पुन्हा शिस्तीचं नाव काढलंत तर बघा."

तेव्हापासून घर पूर्वीसारखं चाललंय. म्हणजे उधारीवर. फरक एवढाच की पूर्वी उधारी महिन्याच्या शेवटी सुरू व्हायची, आता पहिल्या तारखेपासूनच असते. ज्याचं लहानातलं लहान कर्ज फिटलं होतं, त्याचं आता मोठ्यातलं मोठं वाढतंय, आणि वाढवणारे त्याच्यापेक्षा फार श्रीमंत नाहीत. दुकानदाराला त्याच्या घाऊक व्यापाऱ्यानं परवा दोनदा निरोप धाडला. शिंप्यानं मुलीच्या फीसाठी न विचारता पैसे आणून दिले आणि शेपूट ठेवायची अट घातली.

आणि मीटरभाऊ? तो रोज सकाळी हूक घेऊन बाहेर पडतो. सवय आहे, दुसरं काम मिळत नाही, आणि झाकणं आपोआप उघडत नाहीत. तो दारोदार जातो, काच पुसतो, किती पाणी गेलं ते लिहितो आणि संध्याकाळी तुमच्या कचेरीत नेऊन देतो. तुमची कचेरी ते घेते. कुणी त्याला म्हणालं नाही की तू गेलायस, तुझा कागद चालत नाही. त्याच्या वाचनावर बिलं निघतात, लोक बिलं भरतात, पैसे तुमच्याकडे जमा होतात.

म्हणून विचारतो साहेब, आणि यावेळी बिस्किटं आणवू नका. मीटरभाऊ तुमच्या नोकरीत आहे की नाही? असेल, तर त्याचा पगार आणि तो दाबून ठेवलेला फरक कुठे आहे? नसेल, तर रोज त्याच्या घामाचा कागद घेऊन त्याचे पैसे खिशात घालता, मग त्याचे सगळ्यात मोठे देणेकरी तुम्हीच नाही का? आणि तुमच्याच शास्त्राप्रमाणे, मुळासकट, पुरतं, कधी फेडणार ते सांगा.

नानांचं पाकीट संपत आलंय. उत्तर द्या.